ओपन स्पेसवर गाळ्यांचं काम सुरू, नगरपरिषद नोटीस देऊन गप्प. पुढं काय करावं?

प्लॉटधारक, बीड जिल्हा
नमस्कार मंडळी. आमची कॉलनी तालुक्याच्या गावी आहे. तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला, रीतसर परवानगी काढली, विकास शुल्क भरलं, मग घर बांधलं. विकताना बिल्डरनं नकाशावर हिरव्या रंगात ओपन स्पेस दाखवली होती. आईला संध्याकाळी बसायला जागा होईल, म्हणून तर हा प्लॉट पसंत केला. आता तिथंच फक्की मारून कॉलमचे खड्डे घ्यायलेत. गाळे काढणार म्हणे.

तक्रार दिली, तर नगरपरिषदेची माणसं गेटला नोटीस चिकटवून गेली. काम चालूच. नोटीस जवळून वाचली: तारीख आहे, पण जावक क्रमांकाची (ऑफिसातून बाहेर गेलेल्या पत्राच्या नोंदीचा नंबर) जागा कोरी. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, "गाळ्यांना शास्ती लावू, दुप्पट टॅक्स घेऊ." म्हणजे शास्ती भरली की जागा त्याची झाली का? आणि नाली-रस्त्यासाठी बिल्डर आमच्याकडंच वर्गणी मागायला. मग विकास शुल्क कशाचं भरलं?

निवृत्त आरेखक, लातूर
दादा, पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शास्ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही. कर आणि शास्ती घेतली म्हणजे मान्यता दिली असं समजू नये, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. शास्तीची पावती फ्रेम करून लावली तरी गाळा अनधिकृत तो अनधिकृतच.

नोटिशीवर कोणतं कलम आहे ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ५४ म्हणजे काम थांबवा. ते मोडून काम चाललं तर पोलिसांची मदत घेऊन माणसं जागेवरून हटवता येतात. कलम ५३ म्हणजे काढून टाका. इथं एक पळवाट आहे, ती माहीत असू द्या: ५३ची नोटीस मिळाली की बिल्डर बांधकाम कायम ठेवायला परवानगीचा अर्ज टाकतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस लटकते. तेवढ्यात स्लॅब पडतो. म्हणून असा अर्ज आलाय का हे लेखी विचारा, आणि आला असेल तर त्यावर तुमची हरकत द्या. कलम ५२खाली गुन्हाही दाखल होतो, एक महिना ते तीन वर्षं कैद. दंड मात्र जास्तीत जास्त पाच हजार, बिल्डरला काय त्याचं!

जावक क्रमांक नसलेली नोटीस उद्या "दिलीच नव्हती" म्हणायला सोपी. माहिती अधिकारात जावक नोंदवहीचा उतारा, पंचनामा आणि मंजूर रेखांकनाची, म्हणजे लेआउटच्या मंजूर नकाशाची, प्रमाणित प्रत मागा. बिल्डरच्या रंगीत नकाशावर विसंबू नका, मंजूर रेखांकनात जे आहे तेच खरं. ओपन स्पेसमध्ये व्यायामशाळा, वाचनालय असं थोडं बांधकाम चालतं. दुकानाचे गाळे चालत नाहीत.

शुल्काचं असं की परवानगी घेणारा ते भरतो. लेआउटचं बिल्डरनं, घराचं तुम्ही. तो पैसा वेगळ्या शीर्षाखाली ठेवून सार्वजनिक सुविधांवर खर्चायचा असतो, त्याचा हिशोब नगरपरिषदेला मागा. पण लेआउटच्या आतले रस्ते-नाल्या बिल्डरनं करून द्यायच्या असतात. वर्गणीचा एक रुपया देऊ नका. रेखांकन अंतिम झालंय का तात्पुरतंच आहे, तेही बघा. आपल्या मराठवाड्यात तात्पुरत्यावरच सगळे प्लॉट विकून मोकळे झालेले लेआउट मी ढिगानं बघितलेत.

वकील, परभणी
पाचशे चौरस मीटरच्या वरचा लेआउट महारेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवावा लागतो. नोंद असेल तर रेरा कायद्याचं कलम १४ वापरा: मंजूर आराखडा किंवा सामाईक जागा बदलायची तर दोन तृतीयांश प्लॉटधारकांची आधी लेखी संमती लागते. तशी संमती कुणी दिली नसेल तर थेट महारेरात तक्रार टाका.

प्लॉटधारक, बीड जिल्हा
खरेदीखतावर रेरा नंबर आहे! सह्या कुणीच दिल्या नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी देतो.

निवृत्त आरेखक, लातूर
अर्जाच्या उत्तराला तीस दिवस जातात, तोवर थांबू नका. खड्ड्यांचे तारखेसह फोटो काढा, मुख्याधिकाऱ्यांना कलम ५४चा अर्ज द्या, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अर्जावर एकट्याची सही नको, सगळ्या प्लॉटधारकांच्या घ्या. जोत्याच्या वर काम गेलं की पाडायला यंत्रणा हात आखडते.