गुदगुल्या करणारा तो लोरिसचा व्हिडिओ: गोड की छळ?

निशाचर
काल ग्रुपवर परत तोच आला. मोठ्ठ्या डोळ्यांचा इवलासा प्राणी, कोणीतरी काखेत गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून बसलाय. खाली सगळ्यांचं "किती गोड", "मला पण पाहिजे". २००९ मध्ये यूट्यूबवर आलेला व्हिडिओ आहे हा, रशियातल्या एका घरात शूट केलेला, त्यातल्या पिग्मी स्लो लोरिसचं (माकडांच्या लांबच्या नात्यातला छोटा प्राणी) नाव सोन्या. आता हात वर का करतो ते ऐका. स्लो लोरिसच्या दंडावर आतल्या बाजूला, कोपराजवळ एक ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं. धोका वाटला की हात डोक्यावर नेऊन तोंड त्या ग्रंथीपाशी आणायचं आणि चावायला तयार राहायचं, ही त्याची पद्धत. म्हणजे जे बघून आपण हसतोय ती त्याची घाबरल्याची खूण आहे. मला हा व्हिडिओ आता बघवत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो पुढे पाठवू नये.

ढगफुटी
नाही पटलं. घाबरलाय हे तुम्ही कशावरून ठरवलं? उंदरांना गुदगुल्या आवडतात हे जाक पांकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलंय, आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढतात ते. लोरिसला आवडत नसेलच कशावरून? प्रत्येक गोष्टीत क्रूरता शोधायची सवय लागलीय लोकांना.

निशाचर
@ढगफुटी उंदराचं उदाहरण चांगलं दिलंत, पण ते उंदीर हाताच्या मागे मागे धावत येतात हो, परत गुदगुल्या कर म्हणून. लोरिस कुठे येतोय? तो जागचा हलत नाही. निशाचर प्राणी आहे, लख्ख उजेडात बसवलाय, पळणार कुठे?

सांजवेळ
मी पण आधी शेअर केलेला, खोटं कशाला बोलू. मग दातांचं वाचलं. बाजारात विकताना चावू नये म्हणून भूल न देता नेलकटरने दात तोडतात, जंतुसंसर्ग होऊन कित्येक मरतात, आणि डिंक खरवडून खाणाऱ्या प्राण्याला दात नसतील तर परत जंगलात सोडताच येत नाही. ते वाचून पोटात कालवलं.

ढगफुटी
@सांजवेळ ते भयंकरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते तस्करांचं पाप, घरी बसून दोन मिनिटं हसणाऱ्या माणसाचं नाही. २०१३ चा एक अभ्यास आहे प्लॉस वन या विज्ञानपत्रिकेत, याच व्हिडिओखालच्या १२,४११ कमेंट्स तपासल्या, त्यात दिसलं की काळ जाईल तशी लोकांना या प्राण्याची खरी माहिती जास्त व्हायला लागली. व्हिडिओ नसता तर तुम्हाला तरी लोरिस माहीत असता का? माहिती झाली ती प्रसिद्धीमुळेच ना.

निशाचर
अर्धाच अभ्यास सांगितलात. त्यातच आहे की कोणी सेलिब्रिटीने कौतुक केलं की "मला पाळायचाय" म्हणणारे येतात. आणि हे नुसतं बोलण्यावर राहत नाही. त्याच वर्षी गायिका रिहानाने थायलंडमध्ये फुकेतला लोरिससोबत सेल्फी टाकला, नंतर पोलिसांनी लोरिस घेऊन फिरणाऱ्या दोघांना अटक केली, कारण पर्यटकांना फोटोसाठी प्राणी हातात देणं हा तिथे धंदा होता. २००७ पासून स्लो लोरिस साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये आहेत, म्हणजे देशादेशांतल्या व्यापारी खरेदी-विक्रीवर बंदी. तरी पकडतात, कारण गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक कुठून येतं? "गोड आहे, पाहिजे" इथूनच सुरुवात होते.

चिमणचारा
मधे बोलते. २०१५ मध्ये इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू या संस्थेने "गुदगुल्या म्हणजे छळ" अशी मोहीमच काढली, इंडोनेशियात सुटका केलेले लोरिस सांभाळतात ते लोक. मला वाटतं व्हिडिओ दिसला की खाली हात वर करण्याचं कारण लिहावं. नुसतं गप्प बसलं तर पुढचा माणूस परत "गोड"च म्हणणार.

ढगफुटी
@चिमणचारा हे मान्य, लिहीन. ग्रंथीचं मला खरंच माहीत नव्हतं, मी टाकलेला व्हिडिओ काढलाय आत्ता. पण निशाचर, न कळता पाठवणाऱ्याला तस्कराच्या रांगेत बसवू नका, ते मला अजूनही पटत नाही.

निशाचर
न कळता पाठवणाऱ्याला नाहीच बसवत. कळल्यावर पाठवणाऱ्याला मात्र मी तिथेच बसवणार.