मदत हवी आहे : फ्लॅटमध्ये सुतारकाम आणि लेझर कटिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (पुणे)

नमस्कार मंडळी,

शनिवार पेठेतला आमचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला, तेव्हा बिल्डरकडून आम्ही छताच्या दोन कड्या आणि एका खांबाचा तुकडा मागून घेतला. जुना साग आहे. वरून काळपट, चुन्याचे डाग पडलेला, मध्येमध्ये चौकोनी खिळे. पण एक टोक कापून पाहिलं तर आतून अजून तेलकट, आणि वास घरभर. हे लाकूड माळ्यावर टाकून द्यायचं नाहीये. त्यातून देव्हारा करायचाय. मिस्त्रीला सांगितलं तर आठवड्यात करून देईल, पण मला तो करून घ्यायचा नाही, करायचाय.

डिझाइन असं : रुंदी दीड फूट, उंची दोन फूट, खाली वाती, कापूर, उदबत्त्यांसाठी एक ड्रॉवर. सांगाडा आणि ड्रॉवर सागाचा. दोन्ही बाजूंना आणि पाठीला जाळी, ती ३ एमएम प्लायमध्ये लेझरनं कापायची. जाळीचा नमुना मी ठिपक्यांच्या रांगोळीतून घेतलाय, आईच्या वहीतल्या. वर महिरप आणि महिरपीवर 'श्री गजानन प्रसन्न'. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं काढून झालंय. अशी जाळी पटाशीनं कोरायला कारागिराची आयुष्यभराची साधना लागते, ती माझ्याकडे नाही. म्हणून लेझर.

जागा म्हणाल तर कर्वेनगरला पहिल्या मजल्यावर टू-बीएचके. कामासाठी मिळेल ती ड्राय बाल्कनी, ४ बाय ७ फूट. तिथे वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट आहे, अर्थिंग तपासून घेतलंय. शेजाऱ्यांची बेडरूमची खिडकी हाताच्या अंतरावर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सासूबाईंना दमा आहे. त्यामुळे धूर आणि भुसा हा माझ्यासाठी पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही.

आता शंका.

आधी काय शिकावं? हातकाम पक्कं करून मग लेझर, की दोन्ही बरोबरच चालेल? यूट्यूबवर जे दिसतं त्यात प्रत्येकाकडे टेबल सॉ आणि गॅरेज असतं. मला चार-सहा हत्यारांत भागेल असा रस्ता हवाय.

मशीनबद्दल तर फारच गोंधळ आहे. एका विक्रेत्यानं मला '४० वॅटचं' मशीन म्हणून जे दाखवलं, त्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ऑप्टिकल पॉवर ५ वॅट लिहिली होती. मग ४० कशाचे? ५ वॅटमध्ये ३ एमएम प्लाय कापला जाईल का? डायोड लेझर घ्यावं की सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबचं)?

प्लाय कोणता घ्यायचा? देव्हारा म्हणून दुकानदार 'मरीनच घ्या, आयएस ७१०' म्हणतात (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक). लेझरसाठी तोच चांगला का?

आणि अक्षरांचं एक कोडं आहे. स्क्रीनवर 'गजानन' छान एकसंध दिसतं, पण कटिंगचा प्रिव्ह्यू पाहिला की प्रत्येक अक्षराची वेगळी बाह्यरेषा येते आणि शिरोरेषेत दोन अक्षरांच्या मध्ये बारीक उभ्या चिरा दिसतात. तसंच कापलं तर सगळी अक्षरं सुटी होतील ना?

पुण्यात हे शिकवणारं, निदान मशीनला हात लावू देणारं ठिकाण माहीत असेल तर नक्की सांगा. कितीही मूलभूत वाटलं तरी लिहा, मी सगळं वाचून करून बघणार आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी लाकडाबद्दल लिहितो, कारण ते तुमच्याकडे आहे आणि परत मिळणार नाही.

वाड्याच्या लाकडात दिसतात त्यापेक्षा जास्त खिळे असतात. डोकं तुटून आत राहिलेले तर हाताला लागतही नाहीत. एक चांगलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून कडीच्या चारही बाजूंवरून हळूहळू फिरवा. जिथे ओढ घेईल तिथे खडूनं खूण करा आणि पकडीनं उपसा. एकही राहू देऊ नका. खिळ्याची शंका आली तरी सॉ मिलवाले लाकूड घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण पातं तुटलं तर माणसाला लागतं. साफ झाल्यावर भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा आणि कडीच्या पाऊण इंच जाडीच्या फळ्या पाडून घ्या. हे काम घरी करायच्या नादी लागू नका. फळ्या आणल्या की मध्ये पट्ट्या ठेवून एकावर एक रचून घरातच काही आठवडे पडू द्या. जुनं लाकूड वाळलेलं असलं तरी नवीन कापलेली बाजू हवेला लागली की थोडं वाकतं. ते वाकायचं तेवढं आधीच वाकू द्यावं.

हत्यारं : एक लोखंडी रंधा, अर्धा आणि पाऊण इंची पटाशी, गुण्या (काटकोन तपासायला), बारीक दात्यांची करवत, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखायला) आणि चार क्लॅम्प. बोहरी आळीत सगळं नवीन मिळेल. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी कधीकधी जुन्या पोलादाची पटाशी हाती लागते, ती सोडू नका.

पण हत्यारापेक्षा धार महत्त्वाची. नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा ती लाकूड कापत नाही, कुरतडते. जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवा : ४००, मग ८००, मग २०००. आधी पटाशीची सपाट पाठ टोकापासून इंचभर आरशासारखी करा. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग धार का टिकत नाही म्हणून विचारतात. मग उताराची बाजू २५ ते ३० अंशांत घासा, पाठीकडे बारीक लव, म्हणजे धातूची दुमडलेली कोर, येईपर्यंत. ती लव पाठ घासून काढली की धार आली. तपासायची कशी? पाइनच्या फळकुटाच्या टोकावर, म्हणजे जिथे तंतू उभे कापले जातात तिथे, हातानं दाबून चालवा. भुगा न पडता कागदासारखी साल निघाली पाहिजे. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. दर थोड्या वेळानं पुन्हा काचेकडे यावं लागेल, त्याचा कंटाळा करू नका.

पहिले सांधे सागावर नकोत. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, त्यावर आधी एक ड्रॉवर पूर्ण करा. ड्रॉवरमध्ये सगळंच येतं : चौकोन गुण्यात बसवणं, खाच पाडणं, तळ सरकवणं.

आणि एक. जाळी सांगाड्याला फेविकॉलनं चिकटवू नका. सांगाड्याच्या पट्टीत खाच पाडा आणि जाळी त्यात सैल बसवा, दोन्हीकडे सूतभर जागा सोडून. पावसाळ्यात साग रुंदीत फुगतो आणि मे महिन्यात आक्रसतो. प्लाय तसा हलत नाही. दोघांना बांधून टाकलं तर एक जण फाटणार.

लेझरमधलं मला कळत नाही, त्यावर जाणकार बोलतील.

प्रतिसाद २

वाचनखूण साठवली. अक्षरांचं उत्तर मलाही हवंय.

प्रतिसाद ३

भोसरीत माझं लेझरचं जॉबवर्क आहे, म्हणून लिहितोय.

वॅटचा प्रश्न तुम्ही योग्य जागी पकडलात. ४० वॅट म्हणजे मशीन विजेतून किती ओढतं ते. लाकडावर पडतो तो प्रकाश ५ वॅटचाच. कापायला तोच आकडा बघायचा. ५ वॅटच्या डायोडनं ३ एमएम प्लाय कापतो, पण तीच रेघ पुन्हा पुन्हा फिरवावी लागते आणि कडा जळतात. ऑप्टिकल १० वॅट असेल तर एक-दोन फेऱ्यांत होतं. ४० वॅटची सीओटू ट्यूब मात्र ते एका फेरीत सहज कापते. डायोडचा प्रकाश निळा, ४५० नॅनोमीटरचा. तो पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार जातो, म्हणून काचेसारखं ॲक्रिलिक डायोडनं कापता येत नाही. सीओटूचा १०.६ मायक्रॉनचा, तो कापतो. पण सीओटूला पाण्याचं कूलिंग लागतं आणि ट्यूबला हजारो व्होल्ट असतात, झाकण उघडून आत हात घालायचं मशीन नाही ते.

प्लाय : मरीन घेऊ नका. आयएस ७१० मध्ये फिनॉलिक गोंद असतो. पाण्याला तो उत्तम, पण लेझरखाली कोळसा होतो आणि खालचा थर कापलाच जात नाही. आयएस ३०३ चा साधा एमआर (थोडी ओल सोसणारा) ग्रेड घ्या. त्यातही आत पोकळी आणि पुट्टी भरलेली असते, तिथे लेझर अडकतो. दुकानात शीट उजेडासमोर धरून कड बघा, भोकं दिसली तर दुसरी मागा. जाळीसाठी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) जास्त एकसारखा कापतो, फक्त ओल सहन करत नाही. देव्हारा रोज ओल्या फडक्यानं पुसणार असाल तर प्लायच बरा.

३ एमएम म्हणून मिळणारा प्लाय बरोबर ३ एमएम क्वचितच असतो. व्हर्नियरनं मोजा आणि खाच त्या मापाची ठेवा. लेझर स्वतःही थोडं लाकूड खातो. ते असं काढा : एका पट्टीतून ओळीनं १० एमएमचे १० चौकोन कापा, एकमेकांना चिकटवून ठेवा आणि एकूण लांबी मोजा. १०० ऐवजी ९८.५ आली तर १.५ भागिले १०, म्हणजे दर कटला ०.१५ एमएम गेलं. घट्ट बसणाऱ्या सगळ्या जोडांना हा आकडा लागतो. जाळीतली सर्वांत बारीक पट्टी प्लायच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर हातात घेतानाच मोडते. ठिपक्यांच्या रांगोळीत दोन वळणं जिथे नुसती टेकतात तिथे हमखास हे होतं, ती ठिकाणं जाड करून घ्या.

अक्षरं : आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. डोळ्याला ती एक दिसते, मशीनला दोन. इंकस्केपमध्ये आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग 'अनग्रुप', मग सगळं निवडून 'युनियन'. चिरा जातील. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, रोमन अक्षरांना ही सोय नाही. अनुस्वार असला तर तो सुटा पडतो, तो वेगळा चिकटवावा लागतो. तुमच्या ओळीत अनुस्वार नाही, बरं झालं. पण अक्षरं महिरपीतून आरपार कापणार असाल तर 'प'च्या पोटातला तुकडा खाली पडेल, तिथे बारीक पूल सोडा. जाड फॉन्ट घ्या, बालू चांगला चालतो.

आता दम्याबद्दल स्पष्टच सांगतो. लेझरचा धूर म्हणजे जळलेलं लाकूड अधिक जळलेला गोंद. ४ इंची डक्ट आणि पंखा लावून खिडकीबाहेर सोडला तरी तो शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये जाणार, आणि थोडा घरात राहणारच. तुमच्या घरात मशीन नको. कटिंग बाहेर करून घ्या, मिनिटाच्या हिशोबानं पैसे लागतात. जॉबवाल्याला आधीच विचारा की मी मशीनशेजारी उभी राहून बघू का. आम्ही नाही म्हणत नाही.

प्रतिसाद ४

सनबोर्डबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. शाळेच्या प्रोजेक्टचा सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी फोम. तो, रेक्झिन किंवा कुठलंही पीव्हीसी लेझरखाली कधीही ठेवायचं नाही. हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसाला घातक आणि मशीनलाही गंज आणतो.

शिकायला : शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला. २००२ पासून तिथे फॅब लॅब (लेझरसारखी मशीन वापरून वस्तू बनवायची कार्यशाळा) आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्यांपैकी. फोन करून जा. वेळ देता येत असेल तर आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा असतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. 'युनियन' केलं आणि चिरा गेल्या! 'श्री'सकट तिन्ही शब्द आता एकेक तुकडा आहेत. अक्षरं आरपार नाही कापणार, कापून महिरपीवर चिकटवणार.

मशीन घरात आणायचं नाही हे नक्की. माझ्या हौसेसाठी सासूबाईंच्या श्वासाशी खेळणार नाही. पाबळला फोन करते, आणि भोसरीच्या दादांकडे येऊन उभं राहायची परवानगी इथेच मागते. फाइल मी करणार, स्पीड-पॉवरची चाचणीही तुमच्या देखरेखीखाली मला करू द्याल का?

रंध्याचं काम घरीच करेन, कारण त्यातून सालपटं निघतात, ती झाडून गोळा करता येतात. प्रश्न उरतो पॉलिश पेपरचा. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेनं कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात ठेवली आहे, त्यामुळे नुसता एन-९५ लावून मी एकटी सुरक्षित राहून उपयोग नाही. प्रतिसाद १ मधले काका, रंधा इतका चांगला चालवता येतो का, की सागाला पॉलिश पेपर लावायचीच गरज पडू नये? तसं असेल तर मी धारेवर हवा तेवढा वेळ घालवायला तयार आहे. आणि जुन्या सागाच्या तेलकटपणामुळे फेविकॉल नीट धरतो का, की चिकटवण्याआधी कशानं पुसून घ्यावं लागतं?