व्यवसायाची ब्रँड ओळख घडवताना सुरुवात नेमकी कोठून करावी?

यंत्रसेवक (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघे भागीदार कारखान्यांतील पंप आणि कॉम्प्रेसर यांच्या देखभाल-दुरुस्तीचा व्यवसाय करतो. कामाबद्दल तक्रार नाही आणि जुने ग्राहक टिकून आहेत. परंतु त्यांच्या शिफारशीवरून फोन करणाऱ्या नव्या ग्राहकाला आमच्या संस्थेचे नाव बहुधा सांगता येत नाही. नाव आमच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे आणि त्याच धर्तीची नावे या क्षेत्रात इतरांचीही असल्यामुळे आमच्यासाठीची चौकशी कधी कधी भलतीकडेच जाते. नवा लोगो करून घ्यावा आणि संकेतस्थळाचे रंग बदलावेत, असे भागीदारांचे मत आहे. त्याआधी आणखी काही ठरवायला हवे, असे मला वाटते. पण ते काय, हे नेमके मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अक्षररेषा

लोगो हे माझे रोजचे काम आहे, तरीही आपण सुरुवात त्याच्यापासून करू नये, असेच मी सांगेन. जुन्या ग्राहकांपैकी काहींना एकच प्रश्न विचारा: यंत्र बंद पडल्यावर आपण आम्हालाच का बोलावता? उत्तर ‘वेळेवर येता’ असे असेल किंवा ‘बिघाडाचे कारण समजावून सांगता’ असे असेल. ते ज्या शब्दांत मिळेल त्याच शब्दांत लिहून ठेवा. दर्जा, विश्वास, बांधिलकी हे शब्द प्रत्येकाच्याच माहितीपत्रकात असतात, त्यामुळे त्यांवरून कोणी कोणाला वेगळे ओळखत नाही.

वास्तुविशारद पेटर बेहरेन्स यांना १९०७ मध्ये जर्मनीतील एईजी या विद्युत कंपनीने कलाविषयक सल्लागार नेमले, तेव्हा त्यांनी कंपनीचे बोधचिन्ह तर केलेच, पण विजेचे दिवे, किटल्या, पंखे, माहितीपत्रके आणि बर्लिनमधील टर्बाइन कारखान्याची इमारत या सर्वांना एकाच विचाराचे रूप दिले. ग्राहकाचा हात किंवा नजर जेथे जेथे पोहोचते तेथे तेथे ओळख घडत असते, हे त्या कामातून स्पष्ट दिसते.

आपल्या व्यवसायात ती जागा कोणती? माझ्या मते, दुरुस्तीनंतर तंत्रज्ञ यंत्रावर चिकटवतो तो स्टिकर. संकेतस्थळ ग्राहक एखाद्या वेळी उघडतो. स्टिकर मात्र यंत्रचालकाला रोज दिसतो आणि मध्यरात्री दाब उतरला की फोन नंबरसाठी तो प्रथम तेथेच पाहतो. बहुतेक स्टिकरवर लोगो मोठा आणि नंबर बारीक असतो, तेलाच्या हातांनी पुसून शाई उडालेली असते आणि पुढील देखभालीची तारीख वाचता येत नाही. हा स्टिकर, कामानंतर दिला जाणारा सर्व्हिस रिपोर्ट, दरपत्रक आणि बिल एकाच अक्षरवळणात, एकाच मांडणीत आणा. फोन उचलणाऱ्याने प्रत्येक वेळी संस्थेचे पूर्ण नाव सांगावे, हेही याच कामाचा भाग आहे.

बाजारनिरीक्षक

वरील मताशी मी सहमत आहे, पण नावाचा प्रश्न त्याने सुटत नाही. रूप बदलण्याची घाई महागात पडते, हे ट्रॉपिकाना या फळरसाच्या ब्रँडने २००९ मध्ये अनुभवले: नळी खोचलेल्या संत्र्याचे परिचित चित्र वेष्टनावरून काढून टाकल्यावर ग्राहकांना दुकानाच्या फळीवर आपला नेहमीचा रस ओळखता येईना, विक्री घसरली आणि कंपनीने थोड्याच काळात जुने वेष्टन परत आणले. मात्र तेथे गमावण्यासारखी ओळख होती. आपल्याकडे लोगो कोणाच्या लक्षातच नसेल, तर तो बदलल्याने तोटा नाही, तसा फायदाही नाही. अडचण आद्याक्षरांतच आहे.

आयबीएम या संगणक कंपनीचे उदाहरण देऊन आद्याक्षरेही चालतात, असे अनेक जण सांगतात. परंतु ते नाव १९२४ पासून वापरात होते, डिझायनर पॉल रँड यांनी त्याचे अक्षरचिन्ह १९५६ मध्ये केले आणि मधल्या तीन दशकांत कंपनी अवाढव्य झाली होती. लहान व्यवसायाला कोडॅक या कॅमेरा-कंपनीचा मार्ग अधिक जवळचा आहे. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये नोंदवलेला हा शब्द मुद्दाम घडवलेला होता: छोटा, उच्चारायला सोपा आणि दुसऱ्या कशाशीही गल्लत न होणारा. नाव बदलणे तूर्त शक्य नसेल, तर आद्याक्षरांना कामाचा बोध करून देणारा एक शब्द जोडा आणि तो जोड कोठेही सुटू देऊ नका.

चिन्हनोंदणी

नाव बदलणार असाल तर आधी ट्रेडमार्कचा शोध घ्या, म्हणजे तसेच नाव दुसऱ्या कोणी नोंदवले आहे का ते पाहा, आणि स्टिकर नंतर छापा. ट्रेडमार्क नोंदणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात वस्तूंचे ३४ आणि सेवांचे ११ असे एकूण ४५ वर्ग आहेत. दुरुस्तीची सेवा ३७ व्या वर्गात येते. केवळ लिखाणातील नव्हे, तर उच्चारातील साम्यही आक्षेपाचे कारण ठरते. केवळ कामाचे वर्णन करणाऱ्या नावाला संरक्षण मिळणे कठीण असते, तर घडवलेल्या शब्दाला ते सहज मिळते. म्हणून जोडलेल्या वर्णनपर शब्दावर आपला एकट्याचा हक्क राहील, असे गृहीत धरू नका. तसेच डिझायनरकडून लोगोच्या वेक्टर फाइल (आकार कितीही वाढवला तरी रेषा स्पष्ट राहते अशा) घ्या आणि त्याचे हक्क आपल्या संस्थेकडे आल्याचे लेखी घ्या. पैसे दिले म्हणजे हक्क आले, असे प्रत्येक देशाचा कायदा मानत नाही.

यंत्रसेवक

आपणा सर्वांचा आभारी आहे. काही ग्राहकांशी बोललो. ‘काय बिघडले आणि का, हे तुम्ही लिहून देता’ हे उत्तर वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आले. भागीदारही आता आधी रिपोर्ट आणि स्टिकर करण्यास तयार आहेत. नव्या नावासाठी शोध सुरू करत आहोत. स्टिकर ठळक दिसावा म्हणून लाल रंग घेण्याचा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

अक्षररेषा

लाल टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. कारखान्यात रंगांना ठरलेले अर्थ असतात: आयएसओ ३८६४ या मानकानुसार लाल हा मनाई आणि अग्निशमन यांचा, पिवळा इशाऱ्याचा, निळा सक्तीच्या सूचनेचा आणि हिरवा सुरक्षित स्थितीचा रंग आहे. यंत्रावर लाल स्टिकर दिसला की चालकाला तो धोक्याचा वाटेल किंवा सवयीने तो दुर्लक्षिला जाईल. या चारही रंगांपासून दूर असलेला एखादा गडद रंग, उदाहरणार्थ जांभळा, घेऊन पाहा आणि तोच रिपोर्टच्या शीर्षपट्टीला द्या. रिपोर्टच्या कृष्णधवल प्रती काढल्या जातात, म्हणून पट्टीवरील अक्षरे झेरॉक्समध्येही उठून दिसतात ना, हे छपाईपूर्वी तपासा. स्टिकरवर तेलाने न उडणारी शाई आणि वरून पारदर्शक थर घ्या. फक्त तारखेची चौकट त्या थराबाहेर ठेवा, कारण तेथे तंत्रज्ञाला हाताने लिहायचे असते.