'बिलव्हेड' वाचण्याआधी गार्नरची हकिगत सांगावी का?

केतकी_र:
पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' (१९८७) घेतलीय. मी दोन पानांचं टिपण काढून सगळ्यांना आधी देणार आहे. कादंबरी १८७३ च्या सिनसिनाटीत सुरू होते, पण तिचं मूळ १८५६ मध्ये आहे. मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई गोठलेली ओहायो नदी ओलांडून, गुलामी असलेल्या केंटकी राज्यातून सिनसिनाटीत पळून आली. १८५० च्या कायद्यामुळे पळालेल्यांना गुलामी नसलेल्या राज्यातूनही धरून नेता यायचं. धरून नेणारी माणसं दारात आली तेव्हा तिने दोन वर्षांच्या लेकीचा गळा चिरला, मालकाच्या हाती लागू नये म्हणून. हे ठाऊक नसेल तर तिच्यावरून बेतलेल्या कादंबरीच्या नायिकेला, सेथेला, आपण 'ही कसली आई' म्हणून मोकळे होऊ.

रानजाई:
अजिबात पटलं नाही. सेथेने काय केलं ते मॉरिसन जवळपास अर्ध्या पुस्तकापर्यंत उघड करत नाहीत, आणि तुम्ही ते टिपणात देणार? गुलामीच्या दिवसांतला तिचा सोबती पॉल डी, त्याला सांगताना सेथे स्वयंपाकघरात गोल गोल फिरत राहते, मुद्द्यावर येतच नाही. वाचकानेही तिच्याबरोबर फिरायचं असतं. वाचकाला पळवून आणून अनोळखी जागी टाकल्यासारखं वाटावं, असं मॉरिसन यांनीच नंतरच्या प्रस्तावनेत लिहिलंय. दलित आत्मकथनं वाचताना कुणी टिपणं दिली होती आपल्याला?

केतकी_र:
नव्हती दिली, कारण गावकुसाबाहेरची वस्ती आपल्याला माहीत होती. (निदान कानावर तरी होती.) केंटकी नाही.

रानजाई:
मग नदी आणि कायदा सांगा. लेकीचं सांगू नका.

एक_आई:
मला लेकीचंच कुणीतरी सांगायला हवं होतं. माझं बाळ गेलं, त्यानंतर दीड वर्षाने एका मैत्रिणीने हे पुस्तक दिलं. "छान आहे" एवढंच म्हणाली. लेकीच्या थडग्यावर 'Beloved' (लाडकी) हा एक शब्द कोरून घ्यायला सेथेकडे पैसे नसतात. दगड कोरणारा त्याची किंमत तिच्या शरीरातून वसूल करतो. दहा मिनिटं, सात अक्षरं. हे अगदी सुरुवातीच्या पानांतच येतं. मी पुस्तक मिटलं ते चार वर्षं उघडलं नाही. नंतर दोनदा वाचलं. पुस्तक मोठंच आहे, पण तेव्हा मला ते कुणी द्यायला नको होतं.

रानजाई:
ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तरी टिपण सरसकट वाटू नये, हे मी अजूनही म्हणेन.

केतकी_र:
नदी आणि कायदा सगळ्यांना देते. गार्नरचं पान बंद पाकिटात, ज्याला हवं त्याने फोडावं. गटातल्या दोघींना मात्र आधी घरी जाऊन भेटणार आहे.