मदत हवी आहे : दादाला टीबी, बोटमालकाची उचल अंगावर

नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यातले. दादा हर्णै बंदरात बोटीवर खलाशी. दिवाळीपासून खोकत होता. दर्याचा वारा बाधला म्हणत दोन महिने खासगीत इंजेक्शनं, सिरपं, एक्स-रे झाले. त्यातच अठरा हजार गेले, वहिनीच्या कुड्या गहाण पडल्या. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. गोळ्या सहा महिने, फुकट. आता अडीच महिने होतील. (गोळ्यांनी लघवी केशरी होते हे आधी माहीत नव्हतं. रक्तच जातंय म्हणून रात्री रडारड!)

खोकला थांबलाय, वजनही भरतंय. पण घरात कमाई शून्य. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेल्या चाळीस हजार उचलीतले निम्मे अजून फिटायचेत. मालक म्हणतो, कामावर ये नाहीतर पैसे टाक. तांडेल (बोटीवरचा प्रमुख) म्हणतो, एका टोपातलं जेवतो आम्ही, बाकीचे खलाशी याला चढू देणार नाहीत. मग माणसाने करायचं काय? घरीही तेच. आईने दादाचं ताट पडवीत फडक्याखाली वेगळं ठेवलंय. भांड्यांनी टीबी पसरत नाही, असं डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं. तिने मान हलवली. संध्याकाळी ताट पुन्हा पडवीत.

टीबीच्या रुग्णाला सरकार देतं ते आहाराचे महिना १००० रुपयेही खात्यावर आलेले नाहीत. कुठे विचारायचं? आणि पावसाळी मासेमारीबंदी लागण्याआधी, ३१ मेपर्यंत बोटीवर जायचं तर कामाला हरकत नाही असं डॉक्टर लेखी देतात का? धाकटा पुतण्या तीन वर्षांचा आहे, त्याला तपासून प्रतिबंधक औषध द्या म्हणतात. वहिनी नेत नाही, अंगणवाडीत बोभाटा होईल म्हणून.

---

प्रतिसाद : पुतण्याला आधी न्या, बाकी सगळं नंतर. लहान पोरांत टीबी पटकन बळावतो. पैशांसाठी तालुक्याच्या टीबी सुपरवायझरला पासबुक दाखवा. माझ्या सासऱ्यांचं खातं केवायसीअभावी बंद होतं, म्हणून अडकले होते. हेल्पलाइन १८००-११-६६६६. निक्षय मित्राकडून (टीबी रुग्णांना मदत करणारे दाते) शिधा मिळतो का तेही विचारा. चिठ्ठी डॉक्टरांकडे मागाच, पण थुंकी पुन्हा तपासून. जाळं ओढण्याइतकी ताकद आलीय का, हेही त्यांनाच ठरवू द्या. मालकाकडे दादाला एकट्याला पाठवू नका, सोबत गावातलं कुणी वजनदार माणूस न्या. उरलेली उचल १ ऑगस्टनंतरच्या हंगामात कापून घ्यायला सांगा. तोवर गोळ्याही संपलेल्या असतील.