महाडला मार खाऊनही उलट हात का उठला नाही?

प्रश्न – कोकणवाट

अहिंसेचा विषय निघाला की चर्चा दांडीयात्रेपाशी सुरू होऊन तिथेच संपते. मला मात्र २० मार्च १९२७ चा महाडचा दिवस स्वस्थ बसू देत नाही. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, तरी तिथले ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना मोठा समुदाय घेऊन जावे लागले. मग हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि लाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला. काही जण जेवत होते. त्यांचे अन्न मातीत गेले, भांडी फुटली. मार खाणाऱ्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, तरीही बाबासाहेबांच्या शब्दाखातर ते थांबले. हा संयम तत्त्वाचा मानावा की डावपेचाचा?

उत्तर – सावित्रीकाठ

मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. ज्यांना लढता येत होते, त्यांनीच हात आवरला, म्हणून त्याला दुबळेपणा म्हणता येत नाही. त्यांनी उलट मारले असते, तर हक्काचा प्रश्न बाजूला पडून सरकारदप्तरी केवळ दंगलीची नोंद राहिली असती, आणि त्याची किंमत गावोगावच्या वेशीबाहेरच्या मोजक्या घरांनी मोजली असती. पुढे तळ्याचा वाद न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. संयमाचे हे फळ हाती येण्यास दहा वर्षे लागली, हेही विसरू नये.

उत्तर – मातीचाघडा

आपण सारे लाठीवरच थांबलो आहोत. हल्ल्यानंतर तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. त्यात कोणालाही खरचटले नाही, पण मी ती हिंसाच मानतो. जिथे गुरे पाणी पीत होती तिथे माणसाला मज्जाव होता, आणि रक्त सांडत नव्हते म्हणून त्या काळाला शांततेचा काळ म्हणायचे, हे मला मान्य नाही.

उत्तर – कृष्णातीर

महाडला दाद मागायला निदान कायदा तरी होता. बेचाळीसनंतर साताऱ्यात कायदाच परक्या सत्तेचा होता, म्हणून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने शस्त्रे बाळगली, न्यायनिवाडे केले, गावगुंडांना आणि खबऱ्यांना शिक्षा दिल्या. गांधीजींनी १९४४ मध्ये भूमिगतांना प्रकट होण्यास सांगितले, तरी नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. मी त्यांना दोष देणार नाही. फक्त, आरोप करणारा आणि शिक्षा देणारा एकाच बाजूचा असला की चुकीची दुरुस्ती कोणाकडे मागायची, हा प्रश्न मला आजही छळतो.

प्रश्नकर्ता – कोकणवाट

आपल्या उत्तरांमुळे डिसेंबर १९२७ ची दुसरी परिषद आठवली. लोक पुन्हा पाणी पिण्याच्या तयारीने महाडला आले होते, पण न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने बाबासाहेबांनी त्यांना सत्याग्रह तहकूब करण्यास सांगितले. मिरवणूक तळ्यावरून निघाली आणि कोणीही पाण्याला हात लावला नाही. मार्चमधल्या मारापेक्षा हे सोसणे त्यांना अधिक जड गेले असेल, असे मला वाटते.