दोडक्याला फुलंच फुलं, दोडका एक नाही

गच्चीवरची (जुळे सोलापूर):
शिवरात्र झाल्यावर रंगाच्या रिकाम्या बादलीत दोडक्याच्या चार बिया टोचल्या, दोन उगवल्या. वेल आता शिडीवरून पार टाकीपर्यंत गेलाय. तीन आठवडे पिवळ्या फुलांचे घोस लागतायत आणि गळतायत. सकाळी सातला पाणी घालायला जावं तर खाली मलूल फुलांचा सडा. टोमॅटोचंही तेच, फूल देठासकट गळतं. पारा ४२च्या पुढे, म्हणून वरून सोलापुरी चादर बांधलीय. (ह्यांचं म्हणणं, झाडाला चादर आणि आम्ही उघड्यावर.) नळाला पाणी रोज नाही, त्यामुळे तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं वेलालाच. लेंडीखत महिन्यात दोनदा घातलं. चुकतंय कुठं?

काळी माती:
ताई, घोसानं येतात ती नरफुलं. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागं बारका दोडका असतो, शिरांसकट. नरफुलं आधी येतात, उन्हाळ्यात तर जास्तच. आणि दोडका उमलतो संध्याकाळी. तुम्ही सातला जाता तेव्हा बाजार उठलेला असतो! दिवेलागणीला जा. नरफुलाच्या पाकळ्या काढून मधला भाग मादी फुलावर हलकेच टेकवा. लेंडीखत बंद करा, नुसती पानं माजतील. शेंडा खुडा, बगलफुटीवर मादी फुलं धरतात.

अक्कलकोट रोड:
आधी ती चादर काढा हो! त्या जाड चादरीखाली माणसाला झोप लागते, वेलाला उजेड नको का? पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा, नाहीतर जुनी सुती साडी. टोमॅटोचा नाद मे महिन्यात सोडा. दिवसा ३५च्या वर गेलं की पराग नीट काम करत नाही, मग फळ कसलं धरतंय. झाड फक्त जगवा. आमची गवार मात्र ह्याच उन्हात शेंगा देतेय. बादलीतल्या मातीवर उसाचं पाचट पसरा, पाणी टिकतं. मी कडब्याची कुट्टी घातली होती, निम्मी कबुतरांनी घरट्याला नेली.

गच्चीवरची:
काळी माती, काल साडेसहाला वर गेले. अख्खा वेल उमललेला! इतके दिवस मी फक्त मढीच बघत होते की. टाकीच्या मागं, पानाआड एक मादी फूल सापडलं, मागं करंगळीएवढा लवदार दोडका. टेकवलं. चादर काढली, आईची जुनी इरकल बांधली.

काळी माती:
छान. धरला तर लगेच कागदाची पिशवी घाला, फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते. वाकडा होऊन आतून सडतो.

गच्चीवरची:
चौथा दिवस. पिवळा पडला नाही, बोटभर झालाय. पिशवी घातली. ह्यांनी शिरांच्या चटणीसाठी तीळ आणून ठेवलेत, एका दोडक्यावर!